प्रार्थनेची वही

ईस्टर झाला, शाळांना सुट्ट्या लागल्या, की नाशिकच्या आमच्या शरणपुरात ख्रिस्ती मंडळाच्या मेळाव्याचे वेध लागायचे. आदल्या संध्याकाळी पुरुषमंडळी मांडव घालायची, बायका अंगणात बसून लसूण सोलायच्या आणि आम्हा पोरांकडे सतरंज्या झटकायचं काम असायचं. निफाड-दिंडोरीकडचे पाहुणे सकाळच्या एसटीनं यायचे. त्यांना आणायला सीबीएस बसस्थानकावर जाण्यावरून आमची भांडणं व्हायची, कारण प्रत्येक पाहुणा "सलाम, बाळा" म्हणत हातावर काहीतरी खाऊ ठेवायचा.

पहिला तास मुलांचा. एक निवृत्त मास्तर आम्हाला पुढं बसवून दरवर्षी एकच गोष्ट सांगायचे आणि ती आम्हाला दरवर्षी हवी असायची. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईमार्गे इथं शरणपुरात आली, मिशनच्या शाळेत शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या रानात वारले, तेव्हा त्यांचं हृदय एका झाडाखाली पुरलं आणि त्या वेळची प्रार्थना या जेकबनं वाचली. मग सोबत्यांनी तो देह महिनोन्महिने चालत समुद्रापर्यंत आणला. मास्तर इथं थांबायचे आणि विचारायचे, "ती प्रार्थना तो कुठं शिकला?" आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "इथं!" आईबापांपासून तोडलेलं ते पोर, स्वतःचं घर कुठं होतं हेही कदाचित ज्याला आठवत नसेल, ते दुसऱ्याच्या मरणाजवळ उभं राहून प्रार्थना वाचतं. हे मला फार उशिरा उमगलं. तेव्हा नुसता अभिमान वाटायचा.

मग भजनं, मग पाळकसाहेबांचा संदेश, मग प्रीतिभोजन. वांग्या-बटाट्याचा रस्सा, भात आणि बुंदी.

पण मेळावा खरा सुरू व्हायचा तो ऊन उतरल्यावर, वही निघाली की. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाला वापरतात तशी लांबट वही. वर्षभराच्या प्रार्थना-विनंत्या तिच्यात लिहिलेल्या असायच्या. मंडळाच्या सेक्रेटरीबाई गेल्या मेळाव्यापासूनची एकेक विनंती वाचायच्या आणि ज्याची असेल त्यानं उभं राहून साक्ष द्यायची. मुलगी उजवली, नोकरी लागली, ऑपरेशन पार पडलं, की लाल पेनानं बरोबरची खूण आणि सगळ्यांचं "हालेलुया". ज्यांचं काही झालं नव्हतं त्यांच्याही विनंत्या वाचल्या जायच्या. एकही गाळायची नाही, असा नियमच होता.

1988 मध्ये मी सातवीत होते. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली बाबांचा उजवा हात सापडला आणि तीन बोटं गेली. नोकरीही गेली. आईनं वहीत लिहवून घेतलं, "यांच्या उजव्या हातासाठी." त्या वर्षी दर गुरुवारी संध्याकाळी मंडळाच्या चार-पाच जणी आमच्या दोन खोल्यांत यायच्या. बायबलमधलं 23वं स्तोत्र म्हणायच्या, प्रार्थना करायच्या, कोरा चहा घ्यायच्या आणि जायच्या. मी डोळे घट्ट मिटून बाबांची बोटं परत उगवावीत म्हणून मागायचे आणि 'आमेन' झालं की आधी त्यांच्या हाताकडे बघायचे.

पुढच्या मेळाव्यात सेक्रेटरीबाईंनी ती ओळ वाचली. मांडवात चिडीचूप. आई पदर डोक्यावर सारखा करत उठली. ती चारचौघांत कधी बोलायची नाही. म्हणाली, "हात आहे तसाच आहे. जूनमध्ये पोरांची फी भरली गेली, कोणी भरली ते मला अजून माहीत नाही, देवाला माहीत. आणि गुरुवारी तुम्ही येणार, म्हणून मी बुधवारपर्यंत दम धरायचे. तेवढंच सांगायचंय." आणि खाली बसली. कोणी हालेलुया म्हटलं नाही. मागच्या एक मावशी मात्र आपल्या जागेवरून उठल्या आणि आईला अगदी खेटून येऊन बसल्या, त्या भोजनाची भांडी आवरेपर्यंत हलल्या नाहीत.

बाबांनी त्याच पावसाळ्यात डाव्या हातानं लिहायचा सराव सुरू केला. माझ्या धाकट्या भावाच्या दुरेघी वहीत, रोज रात्री एक पान. 'क' काही केल्या वळायचा नाही. दोन वर्षांनी सेक्रेटरीबाई थकल्या, तेव्हा प्रार्थनेची वही कोणी लिहायची असं निघालं आणि बाबांनी तो डावा हात वर केला. पुढची सगळी पानं त्यांच्या अक्षरातली आहेत, डावीकडे झुकलेली, वाऱ्यात उभ्या बाजरीसारखी.

ज्या विनंत्यांना लाल खूण मिळत नसे त्यांच्यापुढची जागा पूर्वी कोरी राहायची. बाबांना ते बघवेना. त्यांनी तिथं 'चालू' असं लिहायला सुरुवात केली. कोणीतरी हरकत घेतली, तर म्हणाले, "बायबलमधल्या प्रेषित पौलानं आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा मागितलं. काटा निघाला नाही. म्हणून त्याची प्रार्थना बंद पडली का?" मागितलं की मिळतंच, असं आमच्या मंडळात कोणी कधी शिकवलं नाही आणि याबद्दल मी त्या माणसांची जन्मभर ऋणी आहे. तसं शिकवलं असतं, तर 1988 मध्येच माझी श्रद्धा संपली असती.

मेळाव्यात दानाचा लिलावही व्हायचा. जे पिकलं त्यातलं आणायचं. गव्हाची पायली, कांद्याची गोणी, मेथीची जुडी, कोंबडी. 2014 च्या गारपिटीत निफाडकडच्या आमच्या एका काकांची उभी द्राक्षबाग गेली. या वर्षी ते येणार नाहीत असंच सगळे धरून चालले होते. ते आले, खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. फुटलेल्या घडांतून वेचून गच्चीवर वाळवलेले मनुके, मूठभर, काळपट, काही देठासकट. म्हणाले, "यंदाचं हेच." लिलाव दहा रुपयांपासून सुरू झाला. जो घेई तो पुडी परत टेबलावर ठेवी आणि पुन्हा बोली लागे. अंधार पडला तरी ती पुडी कोणी घरी नेईना. शेवटी पाळकसाहेबांनी उघडली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक मनुका ठेवला. मला आलेल्यात बी होती. थोडा आंबट होता.

बाबा 2017 साली गेले. त्यानंतर वही माझ्याकडे आली. 2020 मध्ये मांडव पडला नाही, तेव्हा मी ती फोनवरून वाचली; पलीकडे वीस-बावीस घरं, कोणाच्या कुकरची शिट्टी, कोणाचा खोकला, आणि प्रत्येक नावानंतर तुटक-तुटक येणारं आमेन. त्या वर्षी नावं वाढत होती आणि काही नावं वाचताना पलीकडून आमेनच येत नसे.

या मेळाव्याला आईला व्हीलचेअरवरून नेलं. निघण्यापूर्वी तिनं जुनी वही मागून घेतली, 1988 चं पान काढायला लावलं. तिच्या विनंतीपुढे बाबांच्याच अक्षरात, मागाहून कधीतरी लिहिलेलं, 'चालू'. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि वही माझ्याकडे दिली.

"हे पण वाच," म्हणाली. "आणि मोठ्यानं वाच, मागच्यांना ऐकू जात नाही."