माझा अनुभव: रोज एक स्तोत्र, आईंच्या खाटेपाशी

आमचं वेंगुर्ल्याजवळ छोटंसं काजू युनिट आहे. घराला लागूनच शेड, चार बायका कामाला आणि पाचवी मी. २०१९ ला कर्ज काढून बॉयलर, कटिंग मशीन आणि ड्रायर घेतला, पुढच्याच वर्षी लॉकडाऊन लागला आणि १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं. रविवार होता, कोरोनामुळे चर्च बंद होतं म्हणून आम्ही घरातच उपासनेला बसलो होतो आणि शेडचे पत्रे एकेक करत उडायला लागले, त्यांचा तो आवाज अजून कानात आहे. सीझनची घेतलेली बी भिजली, तिला बुरशी धरली. माल घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने आधीचे पैसे सात महिने लटकवले. मग मिस्टर गोव्याला नोकरीला गेले, पंधरा दिवसांनी एकदा येतात. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की "रोज प्रार्थना करा म्हणजे टेन्शन जातं" असं जे आपण एकमेकांना पटकन सांगतो ना, ते मला त्या दिवसांत अजिबात झेपत नव्हतं. मी जन्मापासून ख्रिस्ती, संडेस्कूलला शिकवलेलं, वचनं पाठ, पण रात्री तीनला जाग यायची, छाती धडधडायची आणि डोक्यात हप्त्याचा आकडा फिरत राहायचा. फोन वाजला तरी पोटात गोळा यायचा. एका प्रार्थना सभेत मी हे बोलले तर एक बाई म्हणाल्या, तुझा विश्वास कमी पडतोय. ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि कितीतरी दिवस मला जेवण गेलं नाही.

आमच्या चर्चच्या पाळकांनी (पास्टरांनी) मात्र आधी विचारलं, डॉक्टरकडे गेलीस का? गेले नव्हते. बीपी १६० वर १०० निघाला. गोळी सुरू झाली, ती आजही चालू आहे आणि ती घेताना मला कधीच वाटत नाही की हा अविश्वास आहे. पाळकांनी त्याच आठवड्यात घरी येऊन बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचला. एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली पडलाय, देवाला म्हणतोय आता पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत येतो आणि त्याला उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. ऊठ, खा, म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलिया खातो, पितो आणि परत झोपतो, देवदूत दुसऱ्यांदा येऊन परत खायला घालतो. हा अध्याय मी संडेस्कूलच्या पोरांना कितीदा शिकवलाय पण त्यात देव आधी जेवायला घालतो हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं. म्हणजे माझी पहिली आध्यात्मिक सवय कुठली म्हणाल तर रात्री साडेनऊला लाईट बंद आणि दुपारी वेळेवर पेज-भात. खरंच सांगते, त्याआधी कुठलीच सवय टिकत नव्हती कारण शरीरच उभं राहत नव्हतं.

तरी २०२३ च्या १ जानेवारीला मी मोठी चूक केली, वर्षात अख्खं बायबल वाचायचं ठरवलं. ११८९ अध्याय आहेत, म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन. उत्पत्ती, निर्गम झालं, लेवीयमध्ये आले तोवर फेब्रुवारी संपत आला, काजूचा सीझन तोंडावर, आईंचं सगळं अंथरुणातच, मुलीची दहावी, आणि मी रोज मागे पडत गेले. अध्यायांवर अध्याय बाकी, म्हणजे बँकेचा हप्ता थकला तसा देवाचाही थकला असंच वाटायला लागलं. एका रात्री मी ते वाचनाचं वेळापत्रक कपाटात उलटं घालून ठेवलं आणि रडले.

पण वाचताना निर्गममधला मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, डोक्यात राहिला होता. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना मिळायचा, ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा, उद्यासाठी साठवला तर किडे पडायचे. आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही तेच, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. आज. मग मी ठरवलं, बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातलं दिवसाला एक स्तोत्र, बास. राहिलं तर राहिलं, बाकी काढायची नाही, उद्या तिथूनच पुढे. आणि वेगळी वेळ काढायचीच नाही, कारण वेळ नव्हतीच. रात्री आईंना कूस बदलून, पाठीला पावडर लावून झाली की तिथेच खाटेपाशी स्टुलावर बसून मोठ्याने वाचायचं. त्यांना कळतं का, ऐकू येतं का, काही माहीत नव्हतं. त्या छताकडे बघत पडून असायच्या, बोलायला गेल्या तर नुसतं "आ... आ" यायचं आणि त्यांचे डोळे भरायचे.

तेरावं स्तोत्र आलं त्या रात्री मी वाचता वाचता थांबले. दोनच वचनांत दावीद चारदा विचारतो, कोठवर? देवा, कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. मी चर्चमध्ये कायम "प्रभू चांगला आहे" असंच बोलत आले, आणि इथे बायबलमध्येच एक माणूस देवाला हिशोब विचारतोय आणि ते पवित्र शास्त्र आहे! नंतर पाळकांनी सांगितलं की १५० पैकी जवळजवळ तिसरा हिस्सा स्तोत्रं अशी विलापाचीच आहेत. तेव्हापासून मी पण तशी प्रार्थना करायला लागले. आधी मी देवापुढे सुद्धा पाहुण्यासमोर बसल्यासारखी बसायचे, सगळं बरं आहे म्हणत. आता मी म्हणते, बापा, मला आज राग आलाय, त्या व्यापाऱ्याचा पण आणि तुझा पण. हे बोलून झालं की तीनची जाग येणं कमी झालं. बंद नाही झालं, कमी झालं.

तेवीसावं स्तोत्र आलं ती रात्र मात्र मी कधी विसरणार नाही. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही, एवढं वाचून मी श्वास घ्यायला थांबले आणि खाटेवरून आवाज आला. जड, वाकडा, पण शब्द होते. पुढची ओळ आईंनी म्हटली. जीभ अडखळत, एका बाजूने लाळ ओघळत, पण हिरव्यागार कुरणात नेणारी ती ओळ अख्खी आली आणि मग त्या इतक्या रडल्या, मी पण. सहा महिने त्यांच्या तोंडून "पाणी" हा शब्द आला नव्हता. फिजिओवाल्या ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या असं होतं, मेंदूचा बोलण्याचा भाग बिघडला तरी लहानपणापासून पाठ असलेलं, गायलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं, त्यांना गायला लावा. मग आम्ही रोज स्तोत्रानंतर एक भजन घ्यायला लागलो, नारायण वामन टिळकांची आईंना खूप पाठ आहेत. टिळक आपल्याच कोकणातले, १८६१ ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले, त्यांनी ख्रिस्ताला अभंगाच्या चालीत आणलं म्हणून आमच्या घरातली म्हातारी माणसं ते टाळ घेऊन म्हणायची. आईंच्या तोंडून शब्द फुटत नाहीत तिथे चाल तरी निघते, डावा हात खाटेच्या कठड्यावर ठेका धरतो. मुलगी अभ्यास सोडून दारात येऊन उभी राहायची. मी तिला कधी "ये, प्रार्थनेला बस" म्हटलं नाही, ती आपणहून यायला लागली.

दिवसाचं सांगायचं तर शेडमध्ये माझी प्रार्थना काजूगर सोलताना चालते. ड्रायरमधून निघालेल्या गराची साल काढायची, सुरी हलक्या हाताने धरायची, जोर पडला की गर फुटून पाकळी होते आणि अख्ख्या गराच्या ३२० ग्रेडचा भाव गेला. पावसाळी हवेत गर नीट वाळला नसेल तर साल चिकटूनच बसते आणि तेव्हा फार चिडचिड होते. या कामात डोकं रिकामं असतं आणि रिकाम्या डोक्यात पूर्वी नुसता हप्ता असायचा. आता श्वास घेताना "प्रभू येशू" आणि सोडताना "दया कर". बायबलमध्ये यरीहो गावाच्या रस्त्यावर बसलेला आंधळा बार्तीमय येशूला असाच ओरडत होता, लोक त्याला गप्प बस म्हणत होते तर तो आणखी मोठ्याने ओरडला. आणि एक ट्रे संपला की एका माणसाचं नाव घेते, त्याच्यासाठी मागते. त्या व्यापाऱ्याचं नाव घ्यायला मला आठ महिने लागले, ते पण आधी दात खाऊनच घेतलं. माझ्याबरोबर बसणाऱ्या एका मावशींनी एकदा विचारलं, "गो, काय पुटपुटतंस?" सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या झिलाचा पण नाव घी मगे." त्यांचा मुलगा बोटीवर जातो, वादळी दिवस असले की त्याचं नाव आधी.

फोन सकाळी चहा होईपर्यंत फळीवरच ठेवायचा हा एक नियम आहे, तो मोडतो मधून मधून. आणि दुसरं म्हणजे एक वही आहे. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं "कशाविषयीही चिंता करू नका" हे वचन मला आधी टोचायचं, चिंता केली म्हणजे अजून एक पाप असं वाटायचं. पण पुढे लिहिलंय की आपल्या मागण्या देवाला कळवा, आभार मानून कळवा, आणि ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल हे बंदीत असताना लिहितोय. म्हणून मी कळवते, अगदी आकड्यासकट. डाव्या पानावर: हप्ता १८,४००, डायपर, कटरचं पातं. उजव्या पानावर आभार: आज आईंनी अर्धी भाकरी चावून खाल्ली, मिस्टरांचा पगार वेळेवर, समोरच्यांनी कोकमं दिली. महिन्याने मागची पानं बघितली की डावीकडचं बरंच काही कसं तरी निभावलेलं असतं आणि मला ते तेव्हा कळलेलंच नसतं.

सगळ्यात जड गेलं ते रविवारी शेड बंद ठेवणं. बायकांना सुट्टी होतीच पण मी एकटी बसून ग्रेडिंग करायचे. एप्रिल-मे मध्ये एक दिवस म्हणजे पैसा, पाऊस जूनला दारात. पण मान्नाच्या गोष्टीतच आहे ना, विसाव्याच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळायचं आणि फक्त तेवढंच टिकायचं, किडे पडायचे नाहीत. २०२४ च्या सीझनला मी रविवारी शेडला कुलूप घातलं आणि चावी मुलीकडे दिली. पहिले तीन रविवार नुसती अस्वस्थ फिरत होते. चौथ्या रविवारी चर्चमधून येऊन दुपारी झोपले, संध्याकाळी मिस्टर आणि मी मोचेमाडच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो, कर्जाबद्दल एक शब्द न काढता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, असं शेवटचं कधी बसलो होतो आठवेना.

कर्ज फिटलेलं नाही, अजून दोन वर्षं आहे. आई आता दहा-बारा शब्द बोलतात, बाकी खुणा. स्तोत्रांची आमची तिसरी फेरी चालू आहे, ११९ व्यात १७६ वचनं आहेत म्हणून ते आम्ही आठ-आठ वचनांनी बावीस रात्रींत घेतो, त्यामुळे एका फेरीला साडेपाच-सहा महिने तरी लागतातच, आणि चुकलेल्या रात्री धरल्या तर जास्तच. आज ८८ वं आहे. ते स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, इतर विलापांसारखं शेवटी स्तुतीकडे वळत नाही. पहिल्या फेरीत, आईंना कशाला हे ऐकवायचं म्हणून मी पान उलटून थेट ८९ काढलं होतं. त्यांनी डावा हात उचलून पान मागे लोटलं आणि बोटाने ८८ वर दाबून धरलं, मी वाचायला लागेपर्यंत काढलं नाही.