एच३ वरचा उंट

शनिवार, रात्री साडेदहा

हा सगळा आठवडा मी एकाच पटस्थितीपाशी अडून बसले आहे, आणि तिच्याबद्दल लिहून ठेवल्याशिवाय आज झोप लागेल असे वाटत नाही. डाव १९९८ सालच्या लिनारेस स्पर्धेतला आहे. पांढरी मोहरी व्हेसेलिन टोपालोव्हकडे आहेत आणि काळी अलेक्सी शिरोव्हकडे. सत्तेचाळिसावी चाल काळ्याने करायची आहे आणि पटावर अवघी दहा मोहरी उरली आहेत. (घराच्या नावातले अक्षर उभी पट्टी सांगते आणि आकडा पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी ओळ.) पांढऱ्याचा राजा जी१ वर, उंट सी३ वर आणि प्यादी जी२ व एच४ वर आहेत; काळ्याचा राजा ई६ वर, उंट एफ५ वर आणि प्यादी ए४, डी५, एफ६ व जी६ वर आहेत. काळ्याकडे दोन प्यादी जास्त आहेत खरी, पण दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवरून फिरणारे असल्यामुळे एवढ्या बळावर डाव जिंकता येईलच असे नाही, हे क्लबात चार वर्षे खेळलेल्या कोणालाही ठाऊक असते. पांढऱ्याचा राजा एकदा ई३ वर येऊन बसला, की काळ्याची वाट बंद होते आणि बरोबरी जवळजवळ पदरात पडते.

शिरोव्हने इथे उंट एच३ वर नेऊन ठेवला. जी२ च्या प्याद्याने तो उंट सरळ मारता येतो. या चालीने शह बसत नाही, कोणतेही मोहरे मारले जात नाही, आणि पुढच्या चालीत मात होण्याचा धाकही नाही. एक अख्खा उंट देऊन काळ्याच्या हाती काय येते, तर एक चाल. पण त्या स्थितीत त्या एका चालीवरच सगळे अवलंबून आहे. काळ्या राजाला एफ५ वरून ई४ वर पोहोचायचे आहे आणि एफ५ वर त्याचाच उंट उभा आहे. तो उंट नुसता बाजूला केला, तर पांढरा राजा एफ२ आणि मग ई३ गाठतो आणि काळा एका पावलाने मागे पडतो. म्हणून उंटाने हलताना पांढऱ्याला काहीतरी करायला भाग पाडले पाहिजे, म्हणजे जी२ वर हल्ला केला पाहिजे. एफ५ वरून एका चालीत जी२ वर हल्ला करता येईल अशी घरे दोनच आहेत, ई४ आणि एच३. त्यांपैकी ई४ तर राजालाच हवे आहे. उरते ते एच३.

हे सगळे कागदावर लिहिताना किती सरळ वाटते! पण ही स्थिती पहिल्यांदा पाहिली तेव्हा एच३ हे घर मी मनातल्या मनातसुद्धा विचारात घेतले नव्हते. तिथे उंट फुकट जातो, हे नजर आपणहून ठरवते आणि हात पुढे सरकतो.

रविवार, दुपार

इंजिनाचेही, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमचेही, नेमके हेच होते, आणि म्हणूनच ही स्थिती त्याच्यापुढे ठेवून उंट एच३ ही चाल त्याला किती वेळात सापडते ते टिपायचे, या परीक्षेचा मला इतका ध्यास लागला आहे. कोणतेही इंजिन सगळ्या चाली सारख्या खोलीपर्यंत तपासत नाही; तसे करायला वेळ पुरणारच नाही. ते चालींची रांग लावते. मारामारीच्या चाली आणि यापूर्वी इतरत्र उपयोगी पडलेल्या चाली रांगेत पुढे येतात, तर शांत चाली मागे राहतात. रांगेत जी चाल जितकी मागे, तितकी तिची तपासणी उथळ होते. त्यातही एखाद्या शांत चालीने आपलेच मोहरे सरळसरळ मारले जाणार असेल, तर तिला आणखी मागे लोटले जाते किंवा त्या फेरीपुरते वगळलेही जाते. उंट एच३ या चालीत ही सगळी लक्षणे एकत्र आली आहेत. तिचे फळ दिसायला राजाचा ई४ पर्यंतचा प्रवास, एफ६ च्या प्याद्यावर पाणी सोडणे, मग डी आणि ए या दोन लांबच्या पट्ट्यांवरची प्यादी पुढे सरकणे, एवढे सगळे पाहावे लागते, आणि तिथवर पोहोचण्याआधीच ती चाल वगळलेली असते. शिरोव्हने ती खेळली त्या काळातल्या प्रोग्रॅमना ती सापडत नसे, यात नवल नाही. आजचे इंजिन ती शोधून काढते, पण लगेच नाही. सुरुवातीला ते दुसऱ्याच चाली पुढे करते, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो बदल होण्याची वाट पाहणे हा आठवडाभराचा माझा छंद झाला आहे.

आणखी एक गोष्ट मी पुनःपुन्हा करून पाहिली. तीच चाल आपण हाताने पटावर करून दिली आणि मग इंजिनाला विचार करायला लावले, तर काळा जिंकतो आहे हे ते बघता बघता मान्य करते. म्हणजे उत्तर त्याच्या आवाक्याबाहेर कधीच नव्हते. अडचण होती ती ते उत्तर विचारात घेण्याची.

आज भाचा आला होता. तो दहा वर्षांचा आहे आणि दर रविवारी माझ्याकडे खेळायला येतो. त्याला मी संगणकावर काही दाखवले नाही. लाकडी पट काढला. त्या संचातले एक काळे प्यादे कित्येक वर्षांपूर्वी हरवले आहे, त्याच्या जागी आम्ही चिंचोका ठेवतो, आणि आज तो चिंचोका ए४ वर होता. मी उंट उचलून एच३ वर ठेवला, जी२ च्या प्याद्याने तो मारला आणि पुढे डाव जसा झाला तसा खेळून दाखवला. काळा राजा एफ५ वर आला, पांढरा एफ२ वर, काळा ई४ वर. मग पांढऱ्या उंटाने एफ६ चे प्यादे मारले आणि काळ्याने डी५ चे प्यादे डी४ वर सरकवले. तिथून काळा राजा डी३, सी४ असा फिरत बी३ वर पोहोचला आणि त्रेपन्नाव्या चालीनंतर टोपालोव्हने डाव सोडला. एका उंटाला इतक्या अंतरावरची दोन प्यादी सांभाळता येत नाहीत, विशेषतः त्यांच्या पाठीशी राजा उभा असताना.

भाचा बराच वेळ पटाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "आत्या, पण पांढऱ्याने उंट मारलाच नाही तर?"

खरा प्रश्न हाच आहे, आणि फक्त पहिल्या चालीवर गुण देणाऱ्या माझ्या चाचणीत तो विचारलाच जात नाही. मी त्याला एवढेच दाखवले, की पांढरा राजा एफ२ वर आला तर काळा एफ५ वर येतो, आणि मग पांढरा एफ३ वर आला तर काळा उंट जी२ चे प्यादे शह देऊन मारतो. पांढऱ्या राजाला तो उंट मारावा लागतो, आणि तेवढ्यात काळा राजा ई४ वर दाखल होतो. उंट दोन्हीकडून जातोच, पण पांढऱ्याची एक चाल खर्च करूनच जातो. बाकीचे फाटे मी त्याला घरी शोधायला सांगितले.

मंगळवार, रात्री उशिरा

आज माझे चार दिवसांचे आकडे मी खोडून टाकले. चूक माझीच होती आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून इथे लिहून ठेवते. इंजिन जी स्थिती एकदा तपासते तिचे उत्तर स्मृतीत साठवून ठेवते. त्या साठ्याला हॅश टेबल म्हणतात. मी दर वेळी उंट एच३ ही चाल पटावर करून, पुढच्या दोनचार चाली पाहून मागे यायची आणि मग घड्याळ लावायची. इंजिनाच्या स्मृतीत काळ्याच्या विजयाची नोंद आधीच पडलेली असायची. म्हणजे परीक्षा सुरू करण्यापूर्वी मी उत्तरपत्रिका त्याच्या समोर ठेवत होते, आणि चाल चटकन सापडली म्हणून आनंदाने वहीत वेळ टिपून ठेवत होते.

स्मृती पुसून पुन्हा सुरुवात केली तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. इंजिन एकाच वेळी अनेक थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या शोधांत, चालवले, तर तीच स्थिती, तेच इंजिन आणि तोच लॅपटॉप असूनही दर खेपेला वेळ वेगळा येतो, कारण कोणता थ्रेड कोणती माहिती आधी साठवतो यावर पुढचा शोध ठरतो. आजच्या तीन प्रयत्नांतले तीन आकडे एकमेकांच्या जवळपासही नव्हते. म्हणून आता एकच थ्रेड, स्मृती दर वेळी कोरी, आणि चाल केवळ दिसली म्हणून गुण नाही. ती दिसल्यानंतर शेवटपर्यंत टिकली पाहिजे. इंजिन एखादी चाल क्षणभर पसंत करते आणि पुन्हा टाकून देते, तेव्हा त्याला ती समजली असे म्हणणे बरोबर नाही.

ही शिस्त कोणाला कोरडी वाटेल. मला ती मनापासून आवडते. ज्या चालीवर आपले इतके प्रेम आहे तिच्याबद्दल खोटा आकडा लिहून ठेवणे मला सहन होत नाही.

गुरुवार

चाचणीच्या फाइलमध्ये एच३ च्या जोडीला दुसरी स्थिती हवी म्हणून मी आज मोठ्या उत्साहाने कास्पारोव्हचा डाव काढला : विक आन झी, २० जानेवारी १९९९, समोर पुन्हा टोपालोव्हच. माझ्या वहीतल्या या दोन्ही डावांत हरलेला खेळाडू तोच आहे, आणि त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. पुढे २००५ साली तो फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, जगज्जेता झाला. असे डाव घडायला समोरचाही माघार न घेणारा असावा लागतो.

चोविसाव्या चालीला कास्पारोव्हने हत्तीने डी४ चे प्यादे मारून तो हत्ती देऊ केला. टोपालोव्हने सी५ च्या प्याद्याने तो मारला आणि मग दुसरा हत्ती ई७ वर शह देत आला. त्याला वजिराने मारले तर मात होते, म्हणून काळा राजा बी६ वर निघाला आणि तिथून त्याची जी फरफट सुरू झाली ती पाहताना मी आजही श्वास रोखून बसते. ए५, ए४, ए३, बी४, सी३, डी२ आणि अखेर डी१. काळ्याचा राजा पांढऱ्याच्या पहिल्या ओळीवर, भर गर्दीत येऊन उभा राहिला. छत्तिसाव्या चालीला पांढऱ्याचा उंट एच३ वरून एफ१ वर गेला, काळ्या वजिराच्या समोर, आणि वजिराने त्याला मारण्याची सोय नव्हती. मारले असते तर वजीर सी२ वर शह, मग हत्ती ई७ वर शह, आणि सगळे संपले असते.

आजवर मी हा डाव ज्यांना दाखवला ते सगळे हत्ती डी४ या चालीला टाळ्या देतात. पण चाचणीच्या फाइलमध्ये ती चाल बसत नाही, हे आज मला मान्य करावे लागले. टोपालोव्हने हत्ती मारायलाच नको होता. चोविसाव्या चालीला राजा बी६ वर नेला असता तर पांढऱ्याला घोडा बी३ वर मागे घ्यावा लागला असता आणि डाव समतोल राहिला असता. म्हणजे हत्तीचा तो बळी सक्तीने विजय मिळवून देत नाही. इंजिनाने तिथे दुसरी चाल सुचवली तर त्याला नापास करण्याचा मला अधिकार नाही. अठ्ठाविसाव्या चालीचेही काहीसे तसेच आहे. कास्पारोव्हने वजीर सी३ वर नेला. हत्ती ए७ वर नेणे अधिक जोरदार होते, हे नंतरच्या विश्लेषणात दिसून आले. पण त्याने केलेल्या चालीनेही डाव जिंकलाच, मग परीक्षेत योग्य उत्तर कोणते धरायचे?

आणि उंट एफ१? ती चाल आपल्याला थक्क करते, पण इंजिन ती ताबडतोब सांगते. तिथे दोनतीन शहांतच फळ हाती लागते आणि मधल्या चाली सक्तीच्या आहेत, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने तो सरळ रस्ता आहे. एका डावात उंट एच३ वरून निघतो, दुसऱ्यात एच३ वर येतो. पहिल्याने माणसाचे डोळे विस्फारतात आणि यंत्राला काहीच वाटत नाही. दुसरा दोघांच्याही नजरेतून निसटतो. हे असे शेजारी शेजारी मांडून पाहिल्याशिवाय माझ्या लक्षात आले नसते. १९८२ साली ब्रॅट्को आणि कोपेक या संशोधकांनी बुद्धिबळाचे प्रोग्रॅम तपासण्यासाठी चोवीस स्थितींचा संच तयार केला होता. असा संच करताना चोविसांसाठी किती सुंदर स्थिती बाजूला ठेवाव्या लागत असतील, याचा अंदाज मला आज एका संध्याकाळीच आला.

संध्याकाळी मी हत्ती डी४ ची ओळ फाइलमधून काढली आणि वहीत स्वतंत्र पानावर लिहिली, पूर्ण डावासकट, चव्वेचाळिसाव्या चालीपर्यंत. ती काढताना वाईट वाटले. त्या डावाइतके मला दुसऱ्या कशानेही बुद्धिबळाकडे ओढले नव्हते.

शुक्रवार, सकाळी सात

रात्री लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर लाकडी पाटावर ठेवला होता, खालून हवा खेळावी म्हणून. स्मृती कोरी, थ्रेड एक. झोपण्यापूर्वी पाहिले तेव्हा पडद्यावर दुसरीच चाल होती. आता उंट एच३ आहे, आणि नोंदीप्रमाणे एकदा आल्यावर ती चाल पुन्हा बदललेली नाही. वेळ वहीत लिहिली. या आठवड्यातला माझा विश्वास बसेल असा हा पहिला आकडा आहे.

फोनवर भाच्याचा निरोप होता, काल रात्रीचा. "आत्या, पांढरा राजा एफ३ वर न जाता ई३ वर गेला तर उंटाने जी२ मारायचा आणि उंट मरतच नाही. मग राजा जी४ वरून एच४ पण खातो."

मी चहा बाजूला ठेवून लाकडी पट मांडला, चिंचोका ए४ वर. उंट जी२ वर ठेवून पाहिला. त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याहूनही पुढची एक गोष्ट आहे जी मी इतक्या दिवसांत पाहिलेली नव्हती : जी२ वरून तोच उंट एफ३ आणि ई४ यांवरून थेट डी५ पर्यंत बघतो, म्हणजे पांढरा राजा डी४ वर आला तरी ते प्यादे त्याला मारता येत नाही.