आमची वाटचाल : इन्स्टॉलेशन अडते तिथून पुढे

आमचा संगणक दुरुस्तीचा व्यवसाय सुरू झाला तो विंडोज एक्सपीच्या काळात. यंत्र कोणत्याही तक्रारीने आले तरी फॉरमॅट मारून प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) नव्याने टाकणे हाच तेव्हा आमचा पहिला आणि बहुतेकदा शेवटचा उपाय असे. इन्स्टॉलेशन अर्ध्यावर थांबले की सीडी खराब असेल असे समजून आम्ही दुसरी सीडी घालत असू, आणि तीही अडली की तिसरी.

याच सवयीने आमच्याकडून एका ग्राहकाचे कायमचे नुकसान झाले. फाईली कॉपी होताना त्यांचे यंत्र प्रत्येक वेळी एकाच टप्प्यावर अडत होते आणि डिस्कमधून टकटक आवाज येत होता. एका विभागात प्रणाली टाकून दुसऱ्या विभागातला डेटा वाचवता येईल, या समजुतीने आम्ही चार वेळा प्रयत्न केला. पाचव्या वेळी डिस्क बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, दिसेनाशी झाली आणि त्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी गेल्या. ती चूक पूर्णपणे आमची होती, आणि आजची आमची कामाची पद्धत त्या दिवसापासून घडत गेली.

इन्स्टॉलेशन ही हार्डवेअरची किती कडक परीक्षा असते, हे आम्हाला त्यानंतर उमगले. आवळून ठेवलेल्या फाईली वाचायच्या, त्या मेमरीत उलगडायच्या आणि डिस्कवर लिहायच्या, हे काम बराच वेळ सलग चालते. रोजच्या वापरात ज्या सदोष भागाला दिवसेंदिवस हात लागत नाही, तो अशा वेळी उघडा पडतो. म्हणून यंत्र कुठे अडते यापेक्षा ते दर वेळी तिथेच अडते का, हे आम्ही आधी पाहतो. एकाच फाईलवर अडत असेल तर संशय पेनड्राइव्हवर, डाउनलोड केलेल्या फाईलवर किंवा डिस्कवर जातो, आणि दर वेळी वेगळ्या फाईलवर अडत असेल तर रॅमवर. रॅमसाठी मेमटेस्ट, म्हणजे मेमरीतील चुका शोधणारी चाचणी, रात्रभर चालू ठेवावी लागते. चूक आढळली तर रॅमची प्रत्येक पट्टी एकेकटी तपासायची आणि मग तीच पट्टी मदरबोर्डवरच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये (खाचेत) लावून पाहायची, कारण दोष पट्टीचा नसून स्लॉटचा असल्याचेही आम्ही पाहिले आहे.

डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवत असलेली नोंद, आता आम्ही फॉरमॅटच्या आधीच वाचतो. त्यातील १९७ क्रमांकाची नोंद, म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), शून्याच्या वर असेल तर आधी डिस्कची संपूर्ण प्रत काढली जाते आणि तोवर त्या डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. १९९ क्रमांकाची नोंद, म्हणजे डेटा पाठवताना झालेल्या चुकांची संख्या, मात्र बहुधा केबलकडे बोट दाखवते. केबल बदलल्यावर तो आकडा खाली येत नाही, तो पुढे वाढतो का एवढेच पाहायचे असते. हे ठाऊक नसताना आम्ही काही चांगल्या डिस्क उगाच बाद केल्या.

विंडोजचा चूक दाखवणारा निळा पडदाही न येता यंत्र अचानक बंद पडत असेल, तर आम्ही एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा भाग, तपासतो. १२ व्होल्टच्या तारेवर भार असताना ११.४ व्होल्टपेक्षा कमी विद्युतदाब दिसला, तर पुढे काहीही करण्यात अर्थ नसतो. फुगलेले कपॅसिटर तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात.

दोष नसतानाही दोष वाटावा अशी एक अडचण मात्र आमच्या पहिल्या दिवसांपासून आजवर सोबत आहे. एक्सपीच्या वेळी साटा (तेव्हाच्या नव्या जोडणीची) डिस्क अनेकदा सापडत नसे आणि एफ६ कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर (ती डिस्क ओळखण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर) द्यावा लागे. आज इंटेलच्या व्हीएमडी (डिस्क हाताळणाऱ्या) व्यवस्थेतल्या अनेक लॅपटॉपवर डिस्क बायोसमध्ये दिसते, पण इन्स्टॉलेशनच्या यादीत दिसत नाही, आणि तिथेही ड्रायव्हर दिला की काम होते. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हापासून नवी प्रणाली टाकण्यासाठी येणाऱ्या जुन्या यंत्रांच्या बाबतीत आम्ही विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होतानाची सुरक्षा सोय) तपासतोच, पण डिस्कची तपासणी त्याही आधी करतो.

यंत्र परत देताना मेमटेस्टचा निकाल आणि डिस्कचे आधीचे व नंतरचे आकडे आम्ही ग्राहकाला लेखी देतो. इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडले, तरी १९७ चा आकडा वाढलेला आढळल्यास डिस्क बदलेपर्यंत त्या यंत्रापुढे आमच्या नोंदवहीत ‘पूर्ण’ असा शेरा लिहिला जात नाही.