आठ स्टडची लोकल: डबे झाले, छप्पर दोनदा उतरवलं, फलाट अर्ध्यावर

लेगोच्या तुकड्यांतून मुंबईची लोकल बनवतोय (स्टड म्हणजे तुकड्यावरचा गोल उंचवटा, मापात ८ मिमी). सध्याची स्थिती अशी: तीन डब्यांचं एक युनिट रुळावर धावतं, ओव्हरहेड वायरचे खांब उभे आहेत, फलाट निम्मा झालाय आणि पादचारी पूल अजून स्टुडिओच्या (लेगो रचनेच्या सॉफ्टवेअरच्या) फाइलमध्येच आहे. या वेळी मापांबद्दल जरा सविस्तर, कारण पुढची सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

मुंबईच्या लोकलचा डबा ३६६० मिमी रुंद. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर ३७.५ मिमी, आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. म्हणजे रुळांवरून प्रमाण काढलं तर १:४५ येतं आणि डबा १० स्टड रुंद, जवळजवळ ५८ स्टड लांब होतो. दिसायला तो झकास दिसेल, पण वळवायचा कुठे? म्हणून रुंदी ८ स्टड, म्हणजे ६४ मिमी, आणि प्रमाण १:५७. या प्रमाणात रूळ २९ मिमी अंतरावर हवेत, त्यामुळे समोरून पाहिलं की गाडी फेंगडी वाटते. डब्याच्या पोटाखाली काळे-करडे खोके (कॉम्प्रेसर, बॅटरी बॉक्स वगैरे) रुळाच्या बाहेरपर्यंत आणले की हा दोष बराचसा झाकला जातो. फलाटाला लागल्यावर तर तो दिसतच नाही.

लांबी १:५७ ने ४५ स्टड यायला हवी. ठेवली आहे ३८. त्याचं एक कारण वळण, आणि दुसरं साधं कारण म्हणजे ६×२४ आणि ६×१४ या प्लेटा (चपटे तुकडे, ३.२ मिमी जाड) जोडल्या की बरोबर ३८ भरतात. खालच्या थरात २४+१४ आणि वरच्या थरात १४+२४ असं उलटं लावायचं, म्हणजे सांधा सांध्यावर येत नाही आणि चौकट मधून खचत नाही. डबा आखूड करताना दाराची रुंदी कापू नका. दोन दारांमधल्या खिडक्या कमी करा. लोकल ओळखू येते ती त्या रुंद, उघड्या दारांमुळे.

आता वळण. डब्याच्या दोन बोगींच्या (बोगी म्हणजे इथे डब्याखालची चाकांची चौकट) मध्यबिंदूंमधलं अंतर 'ब', डब्याची लांबी 'ल' आणि वळणाची त्रिज्या 'त्र' धरली, तर डब्याचा मधला भाग आत सरकतो ब² ÷ ८त्र इतका, आणि टोकं बाहेर येतात (ल² − ब²) ÷ ८त्र इतकी. आपल्या डब्याचं ब २६ स्टड (२०८ मिमी), ल ३०४ मिमी. लेगोचं नेहमीचं वळण म्हणजे आर४०, त्रिज्या ४० स्टड म्हणजे ३२० मिमी, १६ तुकड्यांत पूर्ण वर्तुळ. तिथे मध्य १७ मिमी आत आणि टोकं १९ मिमी बाहेर जातात. म्हणजे दोन स्टडपेक्षा जास्त. आर७२ वर हेच आकडे ९.४ आणि १०.७ होतात, आर१०४ वर ६.५ आणि ७.४.

हे आकडे फलाटाला लावून बघा. डब्याची बाजू रुळाच्या मध्यापासून ४ स्टडवर. फलाटाची कड ५ स्टडवर ठेवली तर फट ८ मिमी. आर१०४ च्या वळणावर बाहेरच्या बाजूचा फलाट जेमतेम सुटतो, आर७२ वर डबा फलाटाला घासतो. पण ८ मिमी म्हणजे १:५७ ने साडेचारशे मिमीहून जास्त, आणि एवढी फट पाहिली की लोकल यार्डात उभी असल्यासारखी वाटते. सरळ रुळावर कड जम्पर प्लेटवर (मधोमध एकच स्टड असलेल्या प्लेटवर) बसवून अर्धा स्टड पुढे घेता येते, मग फट ४ मिमी होते आणि एकदम खरं वाटायला लागतं. अट एकच: वळण संपल्यावर लगेच फलाट सुरू करायचा नाही. मागची बोगी वळणावर असेपर्यंत पुढचं टोक बाहेरच असतं. मध्ये निदान ३२ स्टड सरळ हवेत. रुळाचा तुकडा १६ चा, म्हणून दोन तुकडे. आधी एकच ठेवला होता, तेव्हा मोटरमनच्या केबिनचा कोपरा दर फेरीला फलाटाच्या पहिल्या टाइलला (वर स्टड नसलेल्या गुळगुळीत तुकड्याला) उडवायचा.

आर१०४ चं अर्धवर्तुळ करायचं तर दोन रुळांमध्येच १६६४ मिमी जातात, डब्याची टोकं आणि कडेची जागा धरून टेबल पावणेदोन मीटर खोल लागतं. मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हा विनोदच. म्हणून तडजोड: फलाटाच्या बाजूची वळणं आर१०४, मागची, इमारतींआड लपणारी आर७२. आर४० पूर्ण काढून टाकलं.

डब्याची भिंत

पांढऱ्या अंगावर जांभळे पट्टे हवेत, तर भिंत ठोकळ्यांवर ठोकळे रचून जमत नाही. स्टडच्या रेघा दिसतात आणि दाराची कड बोथट होते. म्हणून भिंत आडवी, म्हणजे स्टड बाहेरच्या बाजूला. आतला सांगाडा ६ स्टड रुंद, त्यावर दोन्ही बाजूंना एकेक स्टडची, म्हणजे ८ मिमीची कातडी. ८ मिमी भरतात ते असे: ब्रॅकेटची (काटकोनात वळलेल्या तुकड्याची) उभी पट्टी १.६, त्यावर प्लेट ३.२, त्यावर टाइल ३.२. बाजूला स्टड असलेले ब्रिक (लेगोचे तुकडा-क्रमांक ८७०८७, ११२११) वापरले तर पट्टीचे १.६ मिळत नाहीत. मग दोन थरांत ६.४ होतात, तीन थरांत ९.६, आणि डब्याची बाजू छपराशी जुळत नाही. त्यामुळे ४४७२८ ब्रॅकेट, दर ४ स्टडला एक. खालच्या अंगाला उलटे ९९२०७. फक्त वरून टांगलं तर कातडी तळाशी फुगते आणि फलाटाची ती ४ मिमीची फट खाऊन टाकते.

उंचीचा हिशोब सोपा: ५ प्लेटा = २ स्टड = १६ मिमी. सांगाडा ५ ब्रिक उंच, म्हणजे १५ प्लेटा, म्हणजे ४८ मिमी, म्हणजे कातडीचे बरोबर ६ स्टड. दार ३ स्टड रुंद, ४ स्टड उंच. ३२ मिमी म्हणजे माणसाच्या मापात १.८२ मीटर. दारातल्या मधल्या खांबासाठी ४ लांबीचा बार (३०३७४) नेमका ३२ मिमीचा आहे, आणि तिथेच फसगत होते. तो दाराएवढाच असल्यामुळे रुतवायला टोकच उरत नाही. ६ लांबीचा बार (६३९६५) घ्या, वरचा भाग दारावरच्या पट्टीमागे क्लिपमध्ये धरा.

खिडक्यांना काच लावलेली नाही. २४१२बी जाळीच्या टाइल आडव्या, दोन एकावर एक, गडद करड्या रंगात. एक मीटरवरून पाहिलं की आडवे गज वाटतात. पारदर्शक तुकडे लावलेला नमुना नीटनेटका दिसत होता, पण एसी लोकलचा भास व्हायला लागला.

जांभळ्याबद्दल एक सूचना. आधी रचना करून मग तुकडे शोधायला जाऊ नका. गडद जांभळ्यात प्लेटा आणि टाइल यांचे मोजकेच आकार निघालेत. ब्रिकलिंकवर (लेगोचे सुटे तुकडे विकणाऱ्या साइटवर) रंग लावून यादी काढा, आणि पट्टा त्या यादीत बसवा. आपला पट्टा १ स्टड उंच राहिला तो यामुळेच. फर्स्ट क्लासचे तिरपे पट्टे मात्र स्टिकरचे. ५४२०० च्या छोट्या उतारांनी करून पाहिले, जवळून मोझेक आणि लांबून घाण वाटते.

छप्पर

प्रत्येक डब्याला १५०६८ (२×२ वक्र उतार) ३८ नग, दोन्ही कडांना १९-१९, आणि मधल्या ४ स्टडच्या पट्ट्यात ८७०७९ (२×४ टाइल) आडव्या १९ नग. कागदावर हिशोब चोख. प्रत्यक्षात पहिलं छप्पर केळ्यासारखं वाकलं. टोकं डब्यावर टेकायची, मध्ये नखभर फट. टाइल एकमेकींना खेटून दाबल्या की प्रत्येकीचा केसाएवढा जादा भाग साठत जातो, आणि वरचा थर खालच्या प्लेटपेक्षा लांब होतो. दुसऱ्यांदा स्वस्त सुसंगत ब्रँडच्या टाइल वापरून पाहिल्या, त्यात वाक आणखी वाढला. शेवटी टाइल अस्सल, खालच्या प्लेटांचा थर एकसंध न ठेवता तीन तुकड्यांत (१२+१४+१२), आणि दर पाच टाइलनंतर एका टाइलच्या जागी वायुवीजनाचा उंचवटा, जो टाइलना खेटत नाही. आता सरळ बसतं. छप्पर डब्याला फक्त चार जम्परच्या स्टडवर धरलंय. बॅटरी बदलायला रोज उचलायचंय, जास्त पकड दिली तर कातडी सोबत येते.

मोटर, वजन, जोड

खऱ्या युनिटमध्ये मोटर कोच मधला असतो, पँटोग्राफही (छपरावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) त्याच्यावर. इथेही तसंच. ८८०११ मोटर आणि ८८००९ हब (बॅटरी आणि नियंत्रणाचा खोका) मधल्या डब्यात. सांगाड्याच्या दोन भिंती गेल्या की आत ४ स्टड उरतात आणि हब ४ स्टडचाच आहे, त्यामुळे तो चपखल बसतो. हब थेट मोटरच्या बोगीवर आला पाहिजे. डब्याच्या मध्यावर ठेवला तर वजन विभागलं जातं आणि मोटरची चाकं जागच्या जागी फिरतात. मोटरची वायर वर यायला चौकटीत २×२ चं भोक लागतं, म्हणजे या डब्याला अखंड ६×२४ चालत नाही. भोकाच्या दोन्ही बाजूंना लांब १×८ ब्रिकचे पूल द्या. पेशी ट्रिपल ए, सहा. रिचार्जेबल वापरल्या तर ९ ऐवजी ७.२ व्होल्ट मिळतात, गाडी थोडी संथ होते. तीन डब्यांना पुरतं, सहाला पुरेल असं वाटत नाही. सहा डबे करायचे झाले तर खऱ्यासारखाच दुसरा मोटर कोच.

मधली मोटर म्हणजे पुढचा डबा ढकलला जातो, आणि ढकललेला हलका डबा वळणावर रूळ सोडतो. पुढच्या डब्याच्या पहिल्या बोगीवर वजन दिलं आणि ते थांबलं. डब्यांमधलं अंतर: आठ स्टड रुंदीला आर४० वर आतले कोपरे साधारण ३२ मिमी जवळ येतात, म्हणजे ४ स्टडची फट लागते. आर१०४ वर साधारण १२ मिमी, तिथे २ स्टड पुरतात. आर७२ वर २ स्टडमध्ये कोपरा टेकतो, म्हणून मागच्या वळणासाठी अडीच. चुंबकी कपलर काढून बोगीला पक्का दांडा दिलाय. युनिट एरवी सुटत नसतंच.

एका खोटेपणाची नोंद इथेच करून ठेवतो. तीन डब्यांच्या खऱ्या युनिटला दोन्ही टोकांना केबिन नसते. इथे आहे, कारण गाडी परत यायची आहे.

वायर आणि फलाट

संपर्क तारेची उंची रुळापासून ५.५ मीटर धरली तर ९६ मिमी, बरोबर १० ब्रिक. खांब दर ६४ स्टडला. खऱ्या अंतराच्या निम्मेही नाही, पण याहून लांब ठेवले तर टेबलावर दोनच खांब मावतात. तार म्हणून काळा इलॅस्टिक धागा, आणि तो रुळाच्या मध्यावरून सरळ न नेता एका खांबाला अर्धा स्टड डावीकडे, पुढच्याला अर्धा उजवीकडे. प्रत्यक्षातही तार अशीच नागमोडी ताणतात, पँटोग्राफची पट्टी एकाच जागी झिजू नये म्हणून. सरळ रुळावर ती मध्यापासून २०० मिमीपर्यंत सरकवतात. १:५७ ने साडेतीन मिमी होतात, जम्परचे ४ मिळतात. पँटोग्राफ धाग्याच्या २ मिमी खाली ठेवा. टेकवला तर धागा क्लिपमधून सुटतो आणि तीन खांब आडवे होतात.

फलाट रुळाच्या पातळीपासून ५ प्लेटा उंच, १६ मिमी, म्हणजे सुमारे ९१० मिमी. उपनगरी फलाट उंच करून घेतल्यानंतरची हीच उंची आहे. जुना, खोल फलाट दाखवायचा तर ४ प्लेटा. खडीसाठी करड्या छटा मिसळताना २००४ पूर्वीचा करडा वेगळा काढा. तो पिवळट आहे आणि नव्या निळसर करड्यात डागासारखा दिसतो. बाकांसाठी लालसर तपकिरी क्लिप वापरू नका. काही वर्षांचे त्या रंगाचे तुकडे ठिसूळ निघाले आहेत, दाबला की कडकन. नावाचा पिवळा फलक टाइलवर छापील स्टिकरने, मराठी, हिंदी, इंग्रजी.

पुलाचं गणित झालंय. खालची बाजू रुळापासून १४ ब्रिक, म्हणजे तारेवर चार ब्रिक मोकळे. जिना स्टडमागे २ प्लेटा चढला तर उतार ३९ अंशांच्या आत राहतो आणि ३७ प्लेटा चढायला १९ स्टड लागतात. स्टडमागे १ ब्रिक दिला तर जागा वाचते, पण ते शिडीसारखं दिसतं. मिनिफिग (लेगोची माणसं) मात्र या प्रमाणाला उंच पडतात, उभे दारात मावत नाहीत. डब्यात आखूड पायांचे बसवलेत, फलाटावर नेहमीचे. शेजारी उभे केले की फरक कळतो, म्हणून दारासमोरची जागा रिकामी ठेवली आहे. गर्दीच्या वेळची लोकल दाखवायला हे काही पटत नाही, उपाय हवाय.