आमची वाटचाल: प्रायमस गेला, बर्नर राहिला

दुकानाच्या पाटीवर आजही ‘सर्व प्रकारचे स्टो व गॅस शेगडी दुरुस्ती’ असंच लिहिलेलं आहे. नवीन गिऱ्हाईक ‘स्टो’ वाचून हसतं आणि मिक्सर दुरुस्त करता का, असं विचारतं. मुलगा म्हणतो पाटी बदलू. मी म्हणतो, रंग उडाला की बघू.

साठच्या दशकात आजोबा ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात बसायला लागले तेव्हा दुकान असं नव्हतंच. एका भांडीवाल्याच्या फळीशेजारची चिंचोळी जागा, डाख द्यायचं सामान, चामड्याचे तुकडे आणि पान्यांची पेटी. येणारं काम जवळजवळ एकाच जातीचं: पितळी टाकी, तीन पाय आणि टाकीवर ठोकलेलं स्वीडनचं नाव. प्रायमस.

स्टॉकहोममधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ च्या सुमारास हा स्टो काढला. त्याला वात नाही, त्यामुळे भांड्यांना काजळी नाही. टाकीत रॉकेल, पंपाने हवा भरायची, दाबाने रॉकेल वर चढायचं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ व्हायची आणि निपलच्या बारीक भोकातून ती सुसाट बाहेर पडून निळी जळायची. अट एकच, बर्नर आधी तापला पाहिजे. त्यासाठी स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा. घाई करून पंप मारला की पिवळा भडका आणि स्वयंपाकघरभर धूर. अमुंडसेनने १९११ साली दक्षिण ध्रुवावर हाच स्टो नेला होता आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी दुरुस्तीचा एक पैसा कमी घेतला नसता.

आमच्या धंद्याचं मर्म स्टोत नव्हतं, त्याच्या सुट्या भागांत होतं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, बाहेरचा माल दुर्मिळ झाला आणि देशी कारखान्यांनी तसेच स्टो बनवायला घेतले. नक्कल करताना त्यांनी मापंही बहुतेक तीच ठेवली. त्यामुळे स्वीडनच्या टाकीवर देशी बर्नर सहज बसायचा. आजोबा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून निपल, शिशाच्या वायसरी, पंपाची चामडी आणि पिनांची पाकिटं आणत. पिन म्हणजे निपलचं भोक साफ करायची, पत्र्याच्या पट्टीला जोडलेली केसासारखी तार. ती भोकात मोडली की माणूस स्टो घेऊन आमच्याकडे हजर. पंपाचं चामडं वाळलं असेल तर खोबरेल चोळून ते मऊ करायचं. बर्नरमध्ये काजळी साचली असेल तर तो लाल तापवून पाण्यात बुडवायचा, आतली खपली सुटते. ही दोन कामं वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, शाळेत असतानाच शिकून घेतली. मीही तशीच शिकलो.

गंमत अशी, की आमचा धंदा भरात होता तेव्हा मूळ कंपनीने हे काम सोडूनही दिलं होतं. रॉकेलच्या स्टोंचा व्यवसाय १९६२ साली ऑप्टिमस या दुसऱ्या स्वीडिश कंपनीकडे गेला. ठाण्यात कुणाला पत्ताच नाही! चेंदणीपासून कोपरीपर्यंत लोक कुठल्याही पितळी स्टोला प्रायमसच म्हणत राहिले आणि आम्हीही पावतीवर तेच लिहीत राहिलो. प्रायमस हे नाव स्वीडनमध्ये अजून आहे, पण आता ते गिर्यारोहकांच्या छोट्या गॅस स्टोवर असतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत गॅसचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जात. ज्यांच्याकडे सिलिंडर होता त्यांच्याकडेही एकच, तो संपला की माळ्यावरचा स्टो खाली. अण्णांनी तेव्हा शेजारचा गाळा घेतला.

त्याच काळाची एक गोष्ट आमच्या धंद्यातली माणसं टाळतात, मी टाळणार नाही. ‘स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वर्तमानपत्रात सारखी असायची. खराब स्टोमुळे अपघात होत, हे खरंच. सैल वायसर, गळकी टाकी, पेटत्या स्टोत रॉकेल ओतणं, हे सगळं आम्ही पाहिलेलं आहे. पण भडका नेहमी सुनेच्याच अंगावर कसा येतो, सासूच्या का नाही, हा प्रश्न अण्णा दुकानात मोठ्याने विचारायचे आणि काही गिऱ्हाइकांना तो झोंबायचा. पुढे कायद्यात १९८३ साली ४९८ अ (सासरचा छळ) आणि १९८६ साली ३०४ ब (हुंडाबळी) ही कलमं आली. अण्णांनी आपल्यापुरता नियम केला होता: टाकी फुगलेली असेल किंवा बुडाला डाखावर डाख असेल तर ती दुरुस्त करायची नाही. गिऱ्हाईक रागावून पुढच्या दुकानात गेलं तरी चालेल.

स्टो संपला तो वाईट होता म्हणून नाही. आधी इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रातून आलेल्या ‘नूतन’सारख्या वातीच्या स्टोंनी आमचं पंपाचं काम खाल्लं, कारण त्यांत पिन मारायची भानगड नव्हती. मग गॅस जोडण्या सुटल्या, दोन सिलिंडर घरात आले. रेशनचं निळं रॉकेल आटत गेलं. इंधनच नाही तर बर्नर कितीही चोख असून काय करणार? पितळ वजनावर विकलं गेलं. ठाण्यातल्या कितीतरी स्टोंच्या समया झाल्या असतील.

अण्णांनी शेगड्या शिकायला घेतल्या तेव्हा त्यांना फार जड गेलं नाही. शेगडीतही निपलच असतं, फक्त त्याला जेट म्हणतात. महानगर गॅसची पाइपलाइन ठाण्यात पसरली तेव्हा हेच ज्ञान कामाला आलं: पाइपच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी उष्णता असते, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. ते न बदलता शेगडी लावली की ज्योत मरतुकडी. आज आमचं निम्मं उत्पन्न केटरर आणि पोळीभाजी केंद्रांच्या भट्ट्यांचं आहे. लग्नाच्या मोसमात वागळे इस्टेटच्या कँटीनवाल्यांना थांबा म्हणावं लागतं.

अलीकडे एक नवीनच गिऱ्हाईक तयार झालंय. भंगारातून किंवा आजीच्या माळ्यावरून जुना प्रायमस आणणारी तरुण मुलं. १९११ पासून कंपनी स्टोवर सालाचं अक्षर ठोकायची, ‘ए’ म्हणजे १९११, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांना तो चालू हवा असतो, नुसता चकचकीत नको. मी चामडं नवीन कापून देतो, पण टाकीची हवा पाण्यात बुडवून तपासल्याशिवाय पेटवून दाखवत नाही. अण्णांचा नियम त्यांनाही लागू. या कामात पैसे फारसे नाहीत. वेळ मात्र बराच जातो आणि बायको त्यावरून बोलते.

मुलाने इंडक्शनचे बोर्ड दुरुस्त करायला सुरुवात केली आहे. त्यात ना निपल, ना वायसर, ना ज्योत. मला त्यातलं काही कळत नाही, त्यामुळे ते टेबल त्याचं आणि त्याची पावतीपुस्तकंही वेगळी. पाटीचं मात्र अजून ठरलेलं नाही.