चाकाला सिल्व्हर मारण्याआधी

खंडेनवमीच्या आधीचे आठ दिवस सातारा-कराड पट्ट्यात आणि सांगली-मिरजेकडे ट्रकांची रंगरंगोटी जोरात असते. पूजा झाली की थोड्याच दिवसांत कारखान्यांचा गळीत हंगाम, मग गाडीला उसंत नाही. केबिन रंगते, फाळका रंगतो आणि शेवटी डब्यात उरलेला सिल्व्हर चाकांवर फिरवला जातो. चाक गाडीवरच, नट आवळलेले. चिखल, गंज, नट, ठोकलेली वजनं, सगळ्यावर एकच हात. आठवडाभर छान दिसतं, मग पापुद्रे सुटतात. पापुद्र्यांचं एक वेळ चालेल. पण त्या रंगाखाली जे झाकलं जातं ते चालत नाही.

चाक देखणं करायची खरी वेळ बॅलन्सिंगची, म्हणजे कडेला छोटी वजनं लावून चाक सगळीकडून सारखं तोलण्याची. पुढची चाकं तशीही उतरलेली असतात, नवा टायर घालायचा असेल तर डिस्क, म्हणजे टायरशिवायचं नुसतं चाक, मोकळीही मिळते. क्रम मात्र नीट हवा: धुणं, तपासणं, रंग, टायर, बॅलन्सिंग, आणि मग गाडीवर चढवणं.

धुणं म्हणजे आतली बाजू धुणं. उसाच्या रानातून निघालेल्या गाडीच्या डिस्कच्या पोटात काळी माती थापलेली असते आणि वाळून दगड होते. दोन मुठी मातीचं वजन पाव किलो सहज भरतं. आपण बॅलन्सिंगला पन्नास-पन्नास ग्रॅमचा हिशोब करतो. माती तशीच ठेवून चाक मशीनवर चढवलं तर वजनं त्या मातीला तोलतात. पुढे हायवेवर माती झडली की तीच वजनं चाक उडवायला लागतात आणि स्टिअरिंग थरथरतं. खरवडून माती काढा, पाण्याचा जोर मारा, टायरच्या खाचांत अडकलेले खडेही काढा.

जुनी वजनं उपटून टाका. मग वायर ब्रश, आणि ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने गंज खरवडून एकशेवीसने सारखा करा. याच वेळी, रंगाच्या आधी, भर उजेडात डिस्क बघायची. नटांच्या भोकांभोवती आणि हवेच्या मोठ्या भोकांच्या कडेला केसासारखी तांबडी रेघ दिसली तर ती बहुधा चीर असते. अशी डिस्क वेल्डिंग करून वापरू नका. ट्यूबच्या चाकाची लॉक रिंग, म्हणजे टायर डिस्कवर धरून ठेवणारी कडी, वाकलेली किंवा गंजून पातळ झालेली असेल तर तीही बदला. हवा भरलेली असताना त्या रिंगवर हातोडा कधीच नको. रिंग उडाली तर माणूस वाचत नाही.

आता रंग. थिनरने पुसून प्रायमरचा एक हात, त्यावर सिल्व्हरचे दोन पातळ हात, कंप्रेसरने. ब्रशने जाड थर बसतो आणि ओघळतो. इनॅमल असेल तर पूर्ण एक दिवस वाळू द्या. रंग ओला असताना वजन ठोकलं तर त्याची क्लिप सरकते आणि चाक भोवती खरचटतं.

सगळ्यात महत्त्वाचं, रंग कुठे नको. डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाला) जिथे टेकते तो भाग, जोडचाकात दोन डिस्क एकमेकींना टेकतात तो भाग, आणि नट बसतो ती जागा. यांना मास्किंग टेप लावा. नट पुरेसा आवळला तरी स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, ताणला जातो तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि तेवढ्याच ताणावर चाक धरलेलं असतं. मागच्या जोडचाकात दोन डिस्क, म्हणजे चार पृष्ठभाग. प्रत्येकावर जाड रंग असेल तर गाडी भरून चालली की तो दबतो, चुरतो, आणि ताण निघून जातो. नट न फिरता ढिला पडतो! रंगाऱ्याला हे सांगितलं नाही तर तो मनापासून सगळं चकाचक करून देतो, त्यात त्याचा दोष नाही.

टायर चढवताना त्यावर पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्व्हजवळ आणा. तो टायरचा हलका भाग असतो, त्यामुळे वजन कमी लागतं. मशीनने चारशे-साडेचारशे ग्रॅमच्या वर मागितलं तर वजनांची माळ ठोकू नका. हवा सोडा, टायर डिस्कवर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा बघा. चाकाची शोभा इथेच राखली जाते.

वजनं आत-बाहेर दोन्हीकडे लागतात. दिसू नये म्हणून सगळं आत चिकटवलं तर चाक वरखाली उडायचं थांबतं, डावी-उजवी डुलायचं थांबत नाही. बाहेरच्या कडेला कोटिंग केलेलं राखाडी वजन घ्या, सिल्व्हरवर ते डोळ्यांत भरत नाही. अलॉय चाकाला त्याच्या कडेच्या मापाचीच क्लिप लागते. लोखंडी चाकाची ठोकली तर कड ओरबाडते आणि तिथून पांढरा गंज धरतो. चिकटवायचं वजन थिनरने पुसलेल्या कोरड्या जागीच लावा. खंबाटकी किंवा कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचा ड्रम तापतो, कच्चा चिकटलेला गोंद तिथेच सोडतो. वजनांवर नंतर रंग मारू नका. शेजारी डिस्कवर पिवळा ठिपका द्या, वजन पडलं तर लगेच कळतं.

चाक चढवताना हबचा तोंडाचा भागही घासून घ्या. नट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटी टॉर्क पान्ह्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्ह्याने), गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा तपासा. नटांवर क्रोमच्या टोप्या हौस म्हणून बसवल्या असतील तर त्या वेळी काढाच. नव्या सिल्व्हरवर नटाखालून तांबडी रेघ ओघळलेली दिसली तर नुसता नट आवळून गाडी पुढे काढू नका. चाक उतरवा आणि भोक लांबट झालंय का बघा. झालं असेल तर ती डिस्क भंगारात जाऊ द्या.