मुंबईच्या दमट हवेत धिंगरी

धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) जंगलात मेलेल्या लाकडावर वाढते. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन ती पचवते, म्हणूनच भाताच्या साध्या पेंढ्यावरही तिचं भागतं. मुंबईच्या उकाड्यात गुलाबी धिंगरीच लावा; तिला तिशीपारचं तापमान चालतं. करडी हिवाळ्यासाठी ठेवा.

पेंढा ३ ते ५ सेंटिमीटर कापून रात्रभर भिजवा, मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. खरी परीक्षा निथळताना असते. मूठभर पेंढा घट्ट पिळा: बोटांमधून एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर अजून पसरून ठेवा. पावसाळ्यात पेंढा लवकर सुकत नाही आणि घाई इथेच नडते. जास्त ओला पेंढा भरला की पिशवीच्या तळाशी पाणी साचतं, हवा कोंडते, आंबूस वास सुटतो. पिशवीत पेंढा भरताना ५ किलो ओल्या पेंढ्याला १५० ग्रॅम स्पॉन (अळिंबीचं बियाणं) थराथराने घाला, कडेने जरा जास्त. भोकं पाडून पिशवी अंधारात टांगा.

हिरवा डाग दिसला तर ती बहुधा ट्रायकोडर्मा बुरशी. पिशवी घरात न उघडता बाहेर काढा. देठ लांब आणि छत्र्या बारीक आल्या तर कार्बन डायऑक्साइड साचलाय. खिडकी उघडा, पाणी मारून उपयोग नाही. पंख्याचा थेट झोत मात्र नको, कडा सुकतात.

छत्रीची कड वर वळण्याआधी काढणी करा. उशीर झाला की बीजाणू घरभर उडतात, आणि दम्याच्या माणसाला ते खरंच बाधतात. गुलाबी धिंगरी फ्रिजमध्येही फार टिकत नाही. त्याच दिवशी परतून खा.